नकाशा रंगवायला किती रंग लागतात? मुलांसोबत ठिपके आणि रेघा

बिंदूरेघा
आठ ते अकरा वर्षांच्या सात मुलांसोबत गेले तीन रविवार नकाशे रंगवतेय. नियम एकच: ज्या दोन प्रदेशांची सीमा सामाईक आहे त्यांना एकच रंग द्यायचा नाही. आणि रंग जितके कमी वापरता येतील तितके कमी वापरायचे.

पहिल्या रविवारी मी छापील नकाशा दिलाच नाही. कोऱ्या कागदावर पेन्सिल टेकवा, न उचलता हवी तशी वेडीवाकडी फिरवा, स्वतःचीच रेघ कितीही वेळा ओलांडा आणि शेवटी सुरुवातीच्या जागी परत या, एवढंच सांगितलं. मग प्रत्येकाने आपापली गिचमिड रंगवली. सुरुवातीला सगळ्यांनी खडूंची अख्खी पेटी वापरली. दुसऱ्या खेपेला चार रंग, मग तीन. शेवटी एक मुलगा ओरडला, "दोनच पुरतात!" त्यानंतर अर्धा तास दोन रंगांत न बसणारी गिचमिड काढायची चढाओढ लागली होती. कुणालाच ती जमली नाही, आणि जमत नाही म्हणून कुणी हिरमुसलंही नाही.

दुसऱ्या रविवारी खऱ्या नकाशासारखे तुकडे दिले. तिथे दोन रंग लगेच कोसळले, तीनही काही ठिकाणी अपुरे पडले. तिसऱ्या रविवारी मी तुकड्यांच्या जागी ठिपके आणि सीमांच्या जागी रेघा आणायचा प्रयत्न केला, आणि तिथे माझी गाडी अडली. मुलांना ते वेगळंच कोडं वाटलं. नकाशाचाच हा दुसरा अवतार आहे हे त्यांच्यापर्यंत पोहोचलं नाही. आलेख सिद्धांताकडे, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांच्या गणिताकडे, नेणारी हीच पायरी मी चुकीच्या जागी ठेवली का? ज्यांनी मुलांबरोबर हे केलंय त्यांचे अनुभव हवे आहेत.

सम_विषम
धागा फार आवडला. ठिपक्यांकडे वळण्याआधी गिचमिडीपाशी अजून थोडं थांबा, कारण तिथे मुलांना खरीखुरी सिद्धता हाती लागू शकते.

कुठल्याही तुकड्यात बोट ठेवायचं आणि तिथून कागदाच्या कडेपर्यंत सरळ बाहेर जायचं. वाटेत रेघ किती वेळा ओलांडली ते मोजायचं (दोन रेघा छेदतात त्या बिंदूवरून मात्र जायचं नाही). संख्या सम आली तर तुकडा पांढरा, विषम आली तर रंगीत. शेजारच्या तुकड्यात पाऊल टाकलं की एक रेघ वाढते किंवा कमी होते, म्हणजे समाचं विषम होतं आणि विषमाचं सम. म्हणून शेजाऱ्यांचे रंग आपोआप वेगळे येतात. मुलांनी हे पाच-सहा तुकड्यांवर करून पाहिलं की "असं का?" हा प्रश्न तीच विचारतात.

त्यानंतर नियम मोडायला सांगा. वर्तुळ पूर्ण काढायचं, सुरुवातीच्या बिंदूशी आल्यावर पेन्सिल न उचलता आडवी रेघ मारून समोरच्या बाजूला जायचं आणि तिथेच थांबायचं. पेन्सिल सुरुवातीला परत आली नाही. आता वरचा अर्धा भाग, खालचा अर्धा भाग आणि बाहेरचं मोकळं अंगण हे तिघेही एकमेकांना चिकटलेले आहेत, म्हणजे तीन रंग आलेच. जिथे तीन रेघा एकत्र येतात तिथेच दोन रंगांचा खेळ संपतो, हे मुलं स्वतः शोधून काढतात.

नकाशाप्रेमी
नियमाबद्दल एक सूचना. "सामाईक सीमा" म्हणजे काय ते आधीच नक्की करा, नाहीतर वाद होतील. झाले तर उत्तमच, पण तयारी असू द्या. अमेरिकेतली यूटा, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना ही चार राज्यं एका बिंदूत मिळतात. बिंदूला बिंदू लागणं आपण शेजार धरत नाही. तसं धरलं तर सुरीसारखे कितीही निमुळते तुकडे एका बिंदूत आणता येतील आणि रंगांची संख्या कुठवरही वाढेल. नियम असा का आहे, हे या उदाहरणाने मुलांना पटतं.

दुसरी अट: प्रदेश सलग हवा. अलास्का मुख्य भूमीपासून तुटलेला आहे, कालिनिनग्राद उरलेल्या रशियापासून. एका देशाच्या दोन तुकड्यांना एकच रंग द्यायचा हट्ट धरला तर चार रंगांची हमी राहत नाही.

चार रंग लागतातच असं दाखवायला लक्झेंबर्ग घ्या. त्याच्याभोवती बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनी, आणि हे तिघेही एकमेकांचे शेजारी. पॅराग्वेचंही तसंच आहे: अर्जेंटिना, ब्राझील, बोलिव्हिया. मुलांना नकाशाचं पुस्तक देऊन असे देश शोधायला सांगा. मलावी सापडायला जरा वेळ लागतो.

कोरीपाटी
मी हे वर्गात बरीच वर्षं करतो. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. "कुठल्याही नकाशाला चार रंग पुरतात" हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. ध्येय ठाऊक असलं की मुलं धीर सोडत नाहीत. नाहीतर अडकल्यावर "याला पाच लागतात" म्हणून कागद बाजूला ठेवतात.

बिंदूरेघा
कोरीपाटी, तुम्ही म्हणता तो धोका आहे, मान्य. तरी चार हा आकडा मी सांगणार नाही. तो सांगितला की मुलं नकाशा सोडवायच्या मागे लागतात, नकाशाबद्दल शंका घेणं थांबवतात. मला त्यांनी पाच रंग लागणारा नकाशा काढायला धडपडायला हवं आहे. त्या धडपडीतून जे दिसतं ते मी सांगून दिसणार नाही.

रंगपेटी
या दोघांच्या मधला मार्ग साधनात आहे असं मला वाटतं. खडू नकोतच. खडू पुसता येत नाही, म्हणून पाचव्या तुकड्याला अडकलेलं मूल पूर्ण कागद वाया गेला असं समजतं. त्याऐवजी रंगीत बटणं, सोंगट्या किंवा कागदाच्या टिकल्या द्या. तुकड्यावर टिकली ठेवायची, पटली नाही तर बदलायची. रंग पक्का करायचा तो अगदी शेवटी.

आणि कुणाला लाल-हिरव्यातला फरक दिसत नसेल तर? वर्गात असं मूल असतं आणि बरेचदा ते सांगत नाही. टिकल्यांवर आकडे किंवा चित्रं काढा: सूर्य, चंद्र, पान, मासा. याचा आणखी एक फायदा होतो. "रंग" म्हणजे खरं तर फक्त एक नाव आहे, हे मुलांच्या लक्षात येतं.

तुमच्या ठिपक्यांच्या अडचणीवर माझं उत्तरही यातूनच येतं. टिकली तुकड्याच्या मधोमध ठेवली की ठिपका तिथे आलाच की! आता टिकल्यांच्या जागी ठिपके काढा. दोन तुकड्यांच्या मधे दार आहे असं समजा आणि त्या दारातून एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत रेघ न्या. वर पारदर्शक कागद ठेवून हे केलं तर आणखी छान. मग कागद उचलायचा. खालचा नकाशा गेला आणि हातात उरला तो आलेख. माझ्याकडे एका मुलाने तो कागद दोनदा खाली ठेवून दोनदा उचलला, आणि मग म्हणाला, "नकाशाचा सांगाडा!" मी तेव्हापासून हाच शब्द वापरते.

खडूफळा
सांगाडा! हा शब्द मीही घेतला.

लहान मुलांसाठी हे अंगणात करता येतं. मुलं म्हणजे ठिपके, दोऱ्या म्हणजे रेघा. दोरीच्या दोन टोकांना उभ्या असलेल्यांनी वेगळ्या रंगाची फीत बांधायची. सगळ्यांनी जागा बदलल्या, दोऱ्या तशाच धरून दुसरीकडे जाऊन उभे राहिले, तरी फिती बरोबरच राहतात. कोण कुठे उभं आहे याला काही महत्त्व नाही, कोण कुणाशी जोडलंय एवढंच खरं. हे शरीराने समजतं. फळ्यावर दहा वेळा सांगून जे होत नाही ते दोरी ओढल्यावर होतं.

तिथेच प्रत्येकाला हातातल्या दोऱ्या मोजायला सांगा. विषम दोऱ्या धरणाऱ्यांनी हात वर करायचे. हात वर केलेल्यांची संख्या नेहमी सम येते, कारण प्रत्येक दोरीला दोन टोकं असतात आणि म्हणून सगळी बेरीज सम असते. इथून गणिती ऑयलरच्या पुलांकडे जाता येतं: कोनिग्सबर्गमधले सात पूल, प्रत्येकावरून एकदाच जाऊन शहर फिरता येईल का? १७३६ साली ऑयलरने नाही असं उत्तर दिलं. जमिनीचे चार भाग म्हणजे चार ठिपके. त्यांच्यावर पाच, तीन, तीन, तीन पूल येतात. चारही विषम. न थांबता फिरायचं तर विषम ठिपके फार तर दोन चालतात, एक निघायचा आणि एक पोहोचायचा. वर सम_विषम यांनी काढलेली वर्तुळ आणि आडवी रेघ आठवा, तिथे असे दोनच ठिपके आहेत. आणि ते कोनिग्सबर्ग म्हणजेच नकाशाप्रेमींनी वर सांगितलेलं कालिनिनग्राद.

बिंदूरेघा
पारदर्शक कागदाची युक्ती केली. चौथ्या रविवारी सांगाडा सगळ्यांना कळला. पण त्यातून एक नवीन प्रश्न आलाय आणि त्यासाठी मदत हवी आहे.

नऊ वर्षांच्या एका मुलीने स्वतःचा नकाशा काढून आणला. म्हणते, याला पाच रंग लागतात. नकाशा असा: मधे एक गोल. भोवती कडं, त्याचे चार तुकडे: वर, उजवा, खाली, डावा. त्याच्या बाहेर आणखी एक कडं, त्याचेही चार तुकडे, पण विटांच्या रचनेसारखे सरकवलेले. म्हणजे बाहेरचा प्रत्येक तुकडा आतल्या दोन तुकड्यांना लागतो: वर-उजवा कोपरा, खाली-उजवा, खाली-डावा, वर-डावा. एकूण नऊ प्रदेश.

तिचे रंग:
आतलं कडं: वर लाल, उजवा हिरवा, खाली निळा, डावा पिवळा.
बाहेरचं कडं: वर-उजवा पिवळा, खाली-उजवा लाल, खाली-डावा हिरवा, वर-डावा निळा.

कुठेही नियम मोडलेला नाही. मधल्या गोलाला मात्र चारही रंगांचे शेजारी आहेत, म्हणून पाचवा. मला उत्तर दिसतंय: सगळं पुसून पुन्हा रंगवायचं. पण तिचं म्हणणं, "पुन्हा रंगवलं तर तो वेगळाच प्रयत्न झाला. माझ्या रंगांचं काय चुकलं ते सांगा."

सम_विषम
किती नेमका प्रश्न विचारलाय तिने. तिला सांगा की तिचं काही चुकलेलं नाही आणि पुसायचीही गरज नाही. फक्त दोन टिकल्यांची अदलाबदल पुरेल.

वरच्या लाल तुकड्यापाशी जा. तिथून फक्त लाल आणि निळ्या तुकड्यांवर पाय ठेवत जिथवर जाता येईल तिथवर जायचं. वरच्या लालला बाहेरचा वर-डावा निळा लागतो. त्या निळ्याला दुसरा लाल शेजारी आहे का? त्याचे शेजारी म्हणजे आतला डावा पिवळा, बाहेरचा वर-उजवा पिवळा आणि खाली-डावा हिरवा. लाल नाही. वाट संपली. या साखळीत दोनच तुकडे आहेत. आता साखळीतल्या लालचं निळं आणि निळ्याचं लाल करा. वरचा तुकडा निळा झाला, बाहेरचा वर-डावा लाल झाला. साखळीबाहेर लाल-निळं कुणी तिला चिकटलेलंच नाही, म्हणून नियम कुठे मोडणार नाही. आणि मधल्या गोलाभोवती आता निळा, हिरवा, निळा, पिवळा. लाल मोकळा झाला!

साखळी लांब जाऊन खालच्या निळ्यापर्यंत पोहोचली असती तर ही अदलाबदल उपयोगाची नव्हती. पण मग ती लाल-निळी साखळी आणि मधला गोल मिळून एक बंद कुंपण झालं असतं. उजवा हिरवा कुंपणाच्या एका बाजूला, डावा पिवळा दुसऱ्या बाजूला. म्हणजे हिरवी-पिवळी साखळी त्यांना जोडू शकत नाही, आणि तिथे अदलाबदल करता येते. दोघांपैकी एक वाट नक्की उघडी असते. चार शेजाऱ्यांसाठी हा युक्तिवाद पूर्ण आहे, आणि नऊ वर्षांचं मूल तो बोटाने गिरवू शकतं.

खडूफळा
आणि हा युक्तिवाद ज्याचा, त्याची गोष्ट मुलांना जरूर सांगा.

१८५२ साली फ्रान्सिस गथ्री इंग्लंडच्या काउंट्यांचा नकाशा रंगवत होता. चार रंग पुरले. नेहमीच पुरतील का, हा प्रश्न त्याच्या भावाने, फ्रेडरिकने, आपले शिक्षक डी मॉर्गन यांना विचारला. डी मॉर्गननी त्याच दिवशी, २३ ऑक्टोबरला, डब्लिनचे गणिती हॅमिल्टन यांना पत्र लिहिलं. हॅमिल्टननी त्यात लक्ष घातलं नाही. १८७८ मध्ये गणिती केलींनी लंडनच्या गणित मंडळात तो प्रश्न पुन्हा मांडला. पुढच्या वर्षी आल्फ्रेड केम्पे यांनी, जे व्यवसायाने वकील होते, सिद्धता छापली. वरची साखळी त्यांचीच.

ती सिद्धता अकरा वर्षं सगळ्यांनी खरी मानली. १८९० मध्ये हीवुड या गणितींनी चूक दाखवली. पाच शेजारी असलेल्या तुकड्यात केम्पे दोन साखळ्या एकाच वेळी उलटवत होते, आणि त्या दोन साखळ्या एकमेकींत गुंतू शकतात. पण हीवुडनी केम्पेंची युक्ती टाकून दिली नाही. तिच्याच मदतीने पाच रंग नेहमी पुरतात हे सिद्ध केलं. उरला प्रश्न चाराचा, आणि त्याला आणखी ८६ वर्षं लागली.

माझ्या वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळ्यात जास्त प्रश्न चुकीबद्दल आले. अकरा वर्षं कुणाला कसं दिसलं नाही? आणि केम्पे खूप चिडले का?

कोरीपाटी
एक कबुली द्यायची आहे. मी मुलांना आजवर सांगत आलो की एकमेकांना चिकटलेले पाच देश काढताच येत नाहीत, म्हणून चार रंग पुरतात. वरचा नकाशा पाहिल्यावर मी कागद घेऊन बसलो. त्या मुलीच्या नकाशात एकमेकांना चिकटलेले चार तुकडेसुद्धा कुठेच नाहीत. तरी चार रंग लागतात असं दिसतंय. मग माझा "म्हणून" कुठल्या आधारावर?

नकाशाप्रेमी
तुमचा "म्हणून" खरंच टिकत नाही, आणि या प्रश्नात ही चूक फार जणांनी केली आहे. पाच देश परस्परांना चिकटू शकत नाहीत हे खरं आहे, पण त्यातून चार रंग पुरतात हे निघत नाही. सोपं उदाहरण नेवाडा. भोवती पाच राज्यं: ओरेगन, आयडाहो, यूटा, ॲरिझोना, कॅलिफोर्निया. पाच जणांचं कडं दोन रंगांत बसत नाही, तीन लागतात आणि नेवाडाला चौथा. पण या सहांत परस्परांना चिकटलेली चार राज्यं नाहीत.

रंगपेटी
पुढची गोष्ट राहिली. १९७६ मध्ये इलिनॉय विद्यापीठात ॲपेल आणि हाकेन यांनी चार रंगांचं प्रमेय संगणकाच्या मदतीने सिद्ध केलं. नकाशाच्या तुकड्यांच्या हजाराहून जास्त रचना, प्रत्येक तपासायची, आणि संगणकाचे हजाराहून जास्त तास. हाताने तपासता येत नाही म्हणून अनेक गणितींना ते रुचलं नव्हतं. पुढे १९९७ मध्ये रॉबर्टसन, सँडर्स, सीमोर आणि थॉमस यांनी रचना ६३३ वर आणल्या, आणि २००५ मध्ये गोंतिए यांनी सगळी सिद्धता संगणकाकडून पायरी-पायरीने पडताळून घेतली.

मुलांपुढे मी इथे मत देत नाही, वाद घडू देते. "कुणी वाचूच शकत नाही ती सिद्धता खरी मानायची का?" दहा वर्षांची मुलं यावर फार गंभीरपणे बोलतात.

सम_विषम
चार रंग कळल्यावर कागद सोडून द्या. सायकलच्या ट्यूबसारख्या आकारावर नकाशा काढला तर सात रंग लागू शकतात आणि सात नेहमी पुरतात. हेही हीवुडचंच, १८९० च्याच लेखातलं. गंमत अशी की तो वाकडा आकार कागदापेक्षा आधी सुटला.

आणि हवेत? मातीच्या दहा लांब कांड्या शेजारी शेजारी ठेवा, वर दहा कांड्या आडव्या. खालची पहिली वरच्या पहिलीशी चिकटवून एक तुकडा, दुसरी दुसरीशी, अशा जोड्या. प्रत्येक तुकडा उरलेल्या सगळ्यांना लागतो. दहा तुकडे, दहा रंग. शंभर केले तर शंभर. मर्यादाच नाही.

खडूफळा
मोठ्या मुलांसाठी सुडोकूही घ्या. ८१ चौकटी म्हणजे ८१ ठिपके, नऊ आकडे म्हणजे नऊ रंग. एका चौकटीचे शेजारी किती? ओळीत आठ, स्तंभात आठ, पेटीत उरलेले चार, एकूण वीस. परीक्षेचं वेळापत्रकही तसंच: विषय म्हणजे ठिपके, एकाच विद्यार्थ्याला दोन विषय असतील तर रेघ, वेळ म्हणजे रंग. मात्र इथे चाराची हमी नाही, कारण रेघा एकमेकींना ओलांडतात.

बिंदूरेघा
आजचा रविवार सांगते.

साखळी त्या नऊ वर्षांच्या मुलीला दाखवली नाही. फक्त म्हटलं, वरच्या लालपासून लाल-निळ्यावर पाय ठेवत चाल. ती चालली, थांबली, आणि "अरे, इथे कुणी अडवणारंच नाही" म्हणून तिने दोन टिकल्या बदलल्या. मधल्या गोलावर लाल ठेवली आणि बराच वेळ नुसती बघत बसली.

मग कोरीपाटींचा प्रश्न तिला दिला: यात परस्परांना चिकटलेले चार तुकडे नाहीत, तर तीन रंगांत होईल का? सगळ्यांनी मिळून केलं. मधला गोल लाल धरला. मग आतल्या कड्याला हिरवा आणि निळा हे दोनच उरले, म्हणजे ते आलटूनपालटून यायलाच हवेत. आता बाहेरचा प्रत्येक तुकडा एका हिरव्याला आणि एका निळ्याला लागतो, म्हणून त्याला लालच हवा. चारही लाल. पण ते तर एकमेकांना लागून आहेत.

ती म्हणाली, "म्हणजे आपण प्रयत्न कमी केले म्हणून नाही. होऊच शकत नाही."

कागदाच्या मागे तिने चार वाक्यांत हे लिहून घेतलंय. आता बाकीचे तिच्या नकाशाचं बाहेरचं कडं पाच तुकड्यांचं करून बघतायत. पुढच्या रविवारी मातीच्या कांड्या.